रायझनला १.४ व्होल्ट सोसतील का? खानापूरहून आलेल्या प्रश्नाला उत्तर

आधी प्रश्न सांगतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. खानापुरात लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करणाऱ्या एका मित्राने विचारलंय. त्यांच्याकडे एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर आहे, बी४५० मदरबोर्ड आहे, खोक्यातला कूलर काढून टॉवर कूलर बसवलाय. सगळे कोअर, म्हणजे प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे सहा भाग, ४.३ गिगाहर्ट्झवर चालवायला त्यांना १.४ व्होल्ट द्यावे लागतात. रेंडर (व्हिडिओची अंतिम फाईल बनणं) पुरा होतो, मशीन बंद पडत नाही. पण एकजण त्यांना सांगतो, १.३२५ च्या वर अजिबात जाऊ नका. दुसरा म्हणतो, मूळ सेटिंगवर असताना हाच प्रोसेसर स्वतःहून १.४८ घेतो, मग १.४ ला काय होतंय! यात खरं कोणाचं?

दोघांचंही खरं आहे, आणि तरी तुमचे १.४ व्होल्ट धोक्याचे आहेत. सगळ्या कोअरवर कायमचे १.४ ठेवू नका. आज रात्रीच व्होल्टेज १.२५ वर आणा आणि त्या १.२५ मध्ये जेवढा वेग मिळेल तेवढ्यावर काम करा. ३६०० असेल तर बहुधा ४.० ते ४.१५ च्या दरम्यान काहीतरी मिळेल. घाईत असाल तर एवढंच करून कामाला लागा. का, ते आता सविस्तर सांगतो. मी २००२ पासून बेळगावात मशीनं जोडतो आणि दुरुस्त करतो, आणि हा प्रश्न दर वर्षी नव्या प्रोसेसरचं नाव घेऊन परत येतो.

एक गैरसमज पहिल्यांदा बाजूला करू. आपल्याकडे व्होल्टेज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे घरातलं लाईटचं व्होल्टेज येतं. पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला दिवे मिणमिणतात, पंखा रेंगाळतो. मग स्टॅबिलायझर किंवा यूपीएस लावून माणूस म्हणतो, आता प्रोसेसरची काळजी नाही. यूपीएस जरूर लावा, रेंडर अर्ध्यात जाऊ नये म्हणून आणि हार्डडिस्कसाठी. पण प्रोसेसरच्या व्होल्टेजशी त्याचा थेट संबंध नाही. भिंतीतले २३० व्होल्ट एसएमपीएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये, १२ व्होल्ट डीसी होतात. त्या १२ मध्ये ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ११.४ ते १२.६. पुढे सॉकेटच्या कडेला कॉइल आणि मॉस्फेटची जी रांग दिसते, तो व्हीआरएम, ते १२ व्होल्ट उतरवून १.२-१.३ करतो आणि प्रोसेसरला देतो. किती द्यायचं हे बायोसमधलं, म्हणजे मशीन सुरू होताना चालणाऱ्या मदरबोर्डच्या प्रोग्राममधलं, तुमचं सेटिंग ठरवतं. त्यामुळे चूक झाली तर ती तिथे होते, मीटरच्या पेटीत नाही.

आता मुद्द्यावर. व्होल्टेज जास्त झालं की चिप नेमकी कशाने झिजते?

मलप्रभा कणकुंबीला उगवते आणि तुमच्या गावाला वळसा घालून पुढे जाते, म्हणून तिचंच उदाहरण देतो. मे महिन्यात पाणी जेमतेम असतं, पात्रातले गोटे जागच्या जागी पडलेले असतात. जुलैत पाणी चढलं की तेच गोटे, तीच वाळू हलायला लागते. वळणावर काठ कुरतडला जातो आणि खाली कुठेतरी वाळूचा ढीग साचतो. हे एका रात्रीत दिसत नाही, चार पावसाळे गेले की वळणाचा आकार बदललेला दिसतो. चिपच्या आत तांब्याच्या तारा आहेत, केसापेक्षा हजारो पटींनी बारीक. त्यातून इलेक्ट्रॉनचा लोंढा गेला की तांब्याचे अणू थोडेथोडे पुढे ढकलले जातात. एके जागी पोकळी होते, दुसरीकडे उंचवटा येतो. पोकळी वाढली की तारेचा रोध वाढतो आणि शेवटी तार तुटते. उंचवटा वाढला तर शेजारच्या तारेला चिकटतो. याला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात. जेम्स ब्लॅक यांनी १९६९ मध्ये त्याचं समीकरण मांडलं आणि आजही चिपचं आयुष्य मोजताना तेच पायाशी असतं. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. तारेतल्या करंटच्या घनतेच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात आयुष्य घटतं, आणि तापमान वाढलं की त्याहून झपाट्याने, घातांकी पद्धतीने घटतं.

दुसरी झीज इन्सुलेशनची. प्रत्येक ट्रान्झिस्टरच्या गेटखाली अवाहक पदार्थाचा पापुद्रा असतो. तो जेमतेम दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा. २ नॅनोमीटर धरून हिशेब करा: १.४ व्होल्ट म्हणजे मिलिमीटरमागे ७ लाख व्होल्टचा ताण. हवेतून ठिणगी उडायला मिलिमीटरमागे ३ हजार व्होल्ट पुरतात. एवढा ताण तो पापुद्रा वर्षानुवर्षं सोसतो, हेच मोठं आहे. पण ताण वाढवला की त्यात सूक्ष्म दोष साठत जातात. इथे करंट लागत नाही, नुसतं व्होल्टेज पुरतं. म्हणजे मशीन रिकामं बसलं असलं, तुम्ही जेवायला गेला असलात, तरी फिक्स १.४ लावून ठेवलं असेल तर ही झीज चालूच राहते. तापमान इथेही भर घालतं.

म्हणून व्होल्टेजचा आकडा एकटा काही सांगत नाही. किती करंट, किती तापमान आणि किती वेळ, हे त्याच्या जोडीला लागतंच. तुमच्या दुसऱ्या मित्राचा गोंधळ इथेच सुटतो. मूळ सेटिंगवर ३६०० खरंच १.४५-१.४८ पर्यंत जातो. एएमडीने २०१९ मध्येच खुलासा केला होता की हलक्या कामात असं दिसणं नॉर्मल आहे. पण तेव्हा एखादाच कोअर क्षणभर जागा झालेला असतो, करंट थोडा असतो, चिप थंड असते. तुम्ही प्रीमियरमध्ये एक्स्पोर्ट दाबलं आणि सहाही कोअर कामाला लागले, की तोच प्रोसेसर मिलिसेकंदांत व्होल्टेज १.२-१.३ च्या आसपास उतरवतो. आत बसलेली व्यवस्था करंट, तापमान आणि झीज यांचा हिशेब सतत मांडत असते. तुम्ही बायोसमध्ये हाताने मल्टिप्लायर ४३ (१०० मेगाहर्ट्झच्या ४३ पट, म्हणजे ४.३ गिगाहर्ट्झ) लावला आणि १.४ व्होल्ट फिक्स केले, त्या क्षणी तो पहारा उठला. मूळ मर्यादा होत्या सलग ६० अँपिअर, क्षणिक ९० अँपिअर आणि एकूण ८८ वॉट. हाताने ओव्हरक्लॉक केल्यावर, म्हणजे वेग स्वतः वाढवून लावल्यावर, त्या लागू राहत नाहीत, फक्त अति तापल्यावरचं संरक्षण उरतं. चिप स्वतः १.४८ घेते ती एका कोअरच्या क्षणभराच्या कामासाठी. तुम्ही १.४ देताय ते सहा कोअरना, तासन्‌तास, ८०-८५ अंशांवर.

आकडेमोड करून बघा, अवघड नाही. चिप खात असलेली ऊर्जा, म्हणजे वॉट, व्होल्टेजच्या वर्गाने आणि वेगाच्या प्रमाणात वाढते. १.२५ व्होल्टला ४.० गिगाहर्ट्झ आणि १.४ व्होल्टला ४.३, यांची तुलना करा. व्होल्टेजचा वर्ग १.५६ वरून १.९६ झाला, म्हणजे सव्वापट. वेग ७.५ टक्के वाढला. गुणाकार केला की ऊर्जा ३५ टक्के जास्त. करंट व्होल्टेज गुणिले वेग या हिशेबाने वाढतो, तो होतो २० टक्के जास्त. करंट २० टक्के वाढला की ब्लॅकच्या समीकरणाप्रमाणे तारांचं आयुष्य ३० टक्क्यांनी कमी झालं, तेही तापमान तेवढंच धरून. ३५ टक्के जास्त ऊर्जा तापमान तेवढंच राहू देत नाही, म्हणजे खरा घाटा याहून मोठा. आणि मिळालं काय? ४० मिनिटांचा एक्स्पोर्ट फार तर ३७ मिनिटांवर येईल. डिस्क किंवा ग्राफिक्स कार्डावर काम अडत असेल तर तेवढाही फरक पडणार नाही. धंद्याच्या मशीनला तीन मिनिटांसाठी हा सौदा मी कधीच करून देत नाही.

“पण मशीन पडत नाही” हे तुमचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. सांगतो का.

दोनेक वर्षांपूर्वी निपाणीच्या एका स्टुडिओचं मशीन माझ्याकडे आलं. प्रोसेसर तुमचाच, ३६००. कोणीतरी ४.३ आणि १.४ लावून दिलं होतं आणि वर्षभराहून जास्त काळ ते उत्तम चाललं होतं. मग लग्नसराईत रेंडर ८० टक्क्यांवर आला की मशीन रीस्टार्ट व्हायला लागलं. त्यांनी रॅम बदलली, एसएमपीएस बदलला, विंडोज तीनदा टाकलं. मी विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला तर व्हिया-लॉगर नावाच्या हार्डवेअर एररची रांग लागलेली, सगळ्या प्रोसेसर कोअरच्या. सेटिंग ४.१ वर आणलं आणि एरर थांबले. पुन्हा ४.३ लावून पाहिलं, तर १.४२ देऊनही दहा मिनिटांत पडलं. म्हणजे त्या वर्षभरात चिपची गरज वाढली होती. पूर्वी जो वेग १.४ ला मिळत होता, त्याला आता १.४२ ही पुरेना. या टप्प्यावर माणूस थोडं व्होल्टेज वाढवतो, मशीन पुन्हा चालतं, त्याला वाटतं दुरुस्त झालं. पण त्या वाढीने झीज आणखी जोरात होते आणि काही महिन्यांत तोच प्रसंग पुन्हा येतो. त्या स्टुडिओला मी १.२३७५ व्होल्टला ४.० लावून दिलं. ते मशीन अजून चालतंय. पण दोन लग्नांचे व्हिडिओ उशिरा गेले आणि त्या घरच्या लोकांची बोलणी त्यांनी खाल्ली.

चिप जळून धूर येतो असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा ती अशीच हळूहळू थकते. अचानक जाते तेही मी पाहिलंय. २००२ साली मी नवीन होतो आणि पेंटियम ४ चा नॉर्थवूड कोअरचा १.६ए माझ्या हातात होता. मूळ व्होल्टेज १.५. बस, म्हणजे प्रोसेसरचा मूळ ठोका, १०० वरून १५० मेगाहर्ट्झवर नेली, त्याच्या १६ पट म्हणजे सरळ २.४ गिगाहर्ट्झ, आणि त्यासाठी १.७५ व्होल्ट दिले. चार महिने मशीन पळालं. एका सकाळी चालू केलं तर पंखे फिरताहेत आणि स्क्रीन काळा. बस परत १०० वर आणून, बोर्ड बदलून, काही करून तो प्रोसेसर उठला नाही. पुढे कळलं की १.७ च्या वर नेलेले नॉर्थवूड जगभर असेच मरत होते, इतके की लोकांनी त्या दुखण्याला नाव दिलं होतं. पैसे उसने घेऊन आणलेली चिप होती ती. तेव्हापासून माझी रीत बदलली: आधी व्होल्टेज ठरवतो, मग त्यात वेग शोधतो. बहुतेक लोक उलटं करतात. ४.३ हा गोल आकडा डोक्यात धरतात आणि तो मिळेपर्यंत व्होल्टेज ढकलत जातात.

तुमच्या चिपला किती सोसतं, हे तिलाच विचारता येतं. पद्धत अशी. बायोस डिफॉल्टवर आणा. मग पीबीओ (प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्ह, प्रोसेसरला स्वतःहून जास्त वेग घेऊ देणारं एएमडीचं सेटिंग) चालू करून त्याच्या मर्यादांना ‘मदरबोर्ड’ हा पर्याय निवडा, म्हणजे वॉट आणि अँपिअरची अडचण येत नाही. मल्टिप्लायर आणि व्होल्टेजला हात लावू नका. विंडोजमध्ये एचडब्ल्यूइन्फो हा सेन्सरचे आकडे दाखवणारा प्रोग्राम उघडा, प्राईम९५ या प्रोसेसरला पूर्ण ताणणाऱ्या प्रोग्राममधली स्मॉल एफएफटी चाचणी १०-१५ मिनिटं चालवा आणि ‘सीपीयू कोअर व्होल्टेज एसव्हीआय२ टीएफएन’ या ओळीकडे बघत बसा. सगळे कोअर पूर्ण ताणलेले असताना आतली व्यवस्था ज्या व्होल्टेजवर स्थिरावते, तो तुमच्या चिपचा स्वतःचा आकडा. माझ्याकडून गेलेल्या ३६०० मध्ये तो १.२२ पासून १.३२ पर्यंत आलाय, चिपगणिक वेगळा. कोणी १.३२५ सांगतो तो आकडा इथूनच आला, पण तो चांगल्या चिपचा आणि चांगल्या कूलरचा. सगळ्यांना तो लागू करणं चूक. मी मिळालेल्या आकड्यातून २५ मिलिव्होल्ट वजा करतो आणि ती कमाल मर्यादा मानतो. ही परीक्षा करताना तापमान ९५ ला टेकलं, तर कूलर नीट बसलेला नाही. आधी तो काढून पेस्ट बदला.

एसव्हीआय२ ची ओळ मुद्दाम सांगितली. त्याच एचडब्ल्यूइन्फोत खाली बोर्डाच्या सेन्सरची ‘व्हीकोअर’ अशी वेगळी ओळ असते. एकाच मशीनवर, एकाच क्षणी, एकीत १.४० आणि दुसरीत १.३६ असं मी स्वतः पाहिलंय. बोर्डाचा सेन्सर व्हीआरएमच्या जवळ मोजतो. तिथून चिपपर्यंत पोचताना ६०-७० अँपिअरला तांब्याच्या पट्टीतही काही मिलिव्होल्ट पडतात. मला शंका आली की मी मल्टिमीटर लावतो. प्रोबच्या टोकावर हीट-श्रिंक नळी चढवून फक्त २ मिलिमीटर धातू उघडा ठेवतो, काळा प्रोब स्क्रूच्या भोकाच्या कड्यावर आणि लाल कॉइलच्या प्रोसेसरकडच्या पायावर. हात स्थिर नसेल तर हे करू नका. लाल टोक घसरून शेजारच्या १२ व्होल्टला टेकलं तर त्याच सेकंदाला प्रोसेसर गेला. घरी एसव्हीआय२ ची ओळ पुरे.

आणि हो, तुम्ही ‘१.४ व्होल्ट’ म्हणता ते बायोसमध्ये टाकलेले की लोडवर दिसणारे? हे विचारल्याशिवाय मी कोणाशी पुढे बोलत नाही. करंट वाढला की व्होल्टेज थोडं पडतं आणि ते पडावं अशीच रचना असते. किती पडावं तेही ठरलेलं असतं. उदाहरणार्थ, इंटेलच्या १३ व्या पिढीत लोडलाईन (करंटमागे व्होल्टेज किती पडावं ते प्रमाण) १.१ मिलिओहम धरली तर १५० अँपिअरला १६५ मिलिव्होल्ट उतरतात. हे पडणं थांबवायला बायोसमध्ये लोडलाईन कॅलिब्रेशन असतं, एलएलसी. लोक ते सरळ सर्वांत वरच्या पायरीवर ठेवतात, कारण मग आकडा हलत नाही आणि बघायला बरं वाटतं. पण रेंडर संपून लोड एकदम उतरतो, तेव्हा व्हीआरएमला तेवढ्या झटक्यात हात आखडता घेता येत नाही आणि व्होल्टेज काही मायक्रोसेकंद वर उडी मारतं. एलएलसी जितकं कडक तितकी ती उडी मोठी. एचडब्ल्यूइन्फो मुळात दोन सेकंदांनी एकदा बघतो, त्याला ती कधीच दिसणार नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. म्हणून एलएलसी मधल्या पायरीवर ठेवा. काही बोर्डांत पहिली पायरी सर्वांत कडक असते, काहींत शेवटची. अंदाजाने लावू नका, लोडवर व्होल्टेज पडतंय की नाही हे बघून ठरवा.

‘ऑटो’ वर विश्वास ठेवू नका, ही आणखी एक गोष्ट. मल्टिप्लायर वाढवून व्होल्टेज ऑटोवर सोडलं तर कित्येक बोर्ड सढळ हाताने देतात, कारण मशीन चालू झालं नाही तर शिव्या बोर्डाला बसतात. रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगावर चालवणारं तयार सेटिंग) चालू केल्यावरही हेच होतं. डीडीआर४ ची मूळ १.२ व्होल्टची रॅम एक्सएमपीत १.३५ वर जाते, ते ठीक आहे, पण त्याबरोबर प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेजही बोर्ड गुपचूप चढवतो. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० चे एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे फोटो सगळीकडे फिरले होते. त्यानंतर एएमडीने बायोस अपडेटमधून एसओसी व्होल्टेजवर, म्हणजे याच मेमरी कंट्रोलरच्या भागाच्या व्होल्टेजवर, १.३ ची मर्यादा घातली. एएम५ बोर्ड (रायझन ७००० ज्यावर बसतात तो) असलेल्यांनी आपला बायोस त्यानंतरचा आहे ना, हे आजच बघावं.

बाकीच्यांनी इतर प्रोसेसरचं विचारलंय, ते भरभर सांगतो. पुढचे आकडे रोजच्या वापराचे, सगळ्या कोअरवर लोड असतानाचे आणि ८० अंशांच्या आत तापमान धरून आहेत. एक सोडला तर सगळे माझ्या अनुभवाचे. जुन्या सँडी ब्रिजला, म्हणजे २६००के वगैरे, १.३५, फार तर १.३८. स्कायलेकपासूनच्या १४ नॅनोमीटरच्या इंटेलला १.३५. तिथे कोणी डेटाशीट दाखवून १.५२ म्हणेल. तो व्हीआरएमला मागता येणाऱ्या व्होल्टेजच्या पट्ट्याचा वरचा टोकाचा आकडा आहे, तेवढं सलग द्यावं असा त्याचा अर्थ होत नाही. रायझन १००० ला एएमडीनेच २०१७ मध्ये सांगितलं होतं: १.३५ पर्यंत रोज चालेल, १.४५ पर्यंत जाता येईल पण आयुष्यावर परिणाम होईल. ५००० मालिकेला मी हाताने व्होल्टेज देतच नाही. पीबीओ चालू करून त्यातलं कर्व्ह ऑप्टिमायझर हे सेटिंग उणे १० ते उणे २० करतो. त्यात व्होल्टेज कमी होतं, वेग वाढतो आणि पहारा जागेवर राहतो. ५८००एक्स३डी ला तर कंपनीनेच कुलूप घातलंय, त्याच्या कॅशला जास्त व्होल्टेज मानवत नाही. इंटेलच्या १२४००एफ सारख्या ज्या चिपांच्या नावात के नाही, त्यांच्यात साध्या बी मालिकेच्या बोर्डावर मल्टिप्लायर वाढतच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही.

इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीचे आय७-आय९ असतील तर ओव्हरक्लॉकिंग राहू दे, आधी बायोस अपडेट करा. ओव्हरक्लॉक न करताही ते थकत होते. २०२४ च्या जुलैत इंटेलने कबूल केलं की मायक्रोकोडमधल्या (प्रोसेसरच्या आतल्या प्रोग्राममधल्या) चुकीमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टच्या ०एक्स१२९ मायक्रोकोडने १.५५ च्या वरच्या मागणीला लगाम घातला, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. त्यांनी या झिजेला ‘व्हीमिन शिफ्ट’ म्हटलं, म्हणजे चिपला चालायला लागणारं किमान व्होल्टेज वर सरकणं. निपाणीच्या मशीनला झालं ते याच जातीचं दुखणं, फक्त तिथे ते सेटिंगने ओढवून घेतलेलं होतं. अपडेटने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. आधीच पडायला लागलेली चिप असेल तर वॉरंटीत बदलून घ्या.

आता आपल्या हवेचं. बेळगाव साडेसातशे मीटरवर असल्याने इथली हवा सौम्य असं आपण म्हणतो, पण जानेवारीच्या पहाटे १५ आणि एप्रिलच्या दुपारी ३६, हा फरक आहेच. खोलीत १२-१५ अंशांचा फरक म्हणजे चिपवरही जवळजवळ तेवढाच. थंडीत स्थिर झालेलं सेटिंग एप्रिलमध्ये पडतं आणि तेव्हा लोक व्होल्टेज वाढवतात, म्हणजे चिप सर्वांत गरम असताना तिच्यावर ताणही सर्वांत जास्त येतो. अथणी, रायबागकडे ऊन आणखी कडक असतं. तिथल्या मशीनना मी ५० मेगाहर्ट्झ कमीच लावतो. आणि धूळ. मागच्या उन्हाळ्यात उद्यमबागेतल्या एका फौंड्रीच्या ऑफिसातलं कॅडचं मशीन उघडलं. हीटसिंकच्या पट्ट्यांमध्ये काळी भुकटी ठासून भरलेली, बोटावर घेतली तर चमकणारी. चुंबक जवळ नेला तर अर्धी उडून चिकटली. लोखंडाची पूड होती ती, व्हीआरएमच्या पायांवरही बसलेली. ब्लोअर आणि ब्रशने साफ केल्यावर त्याच सेटिंगला तापमान १८ अंशांनी उतरलं. तिथे व्होल्टेजला हात लावायची गरजच नव्हती. तुमच्याकडे लाल मातीची धूळ असणार, कौलारू छप्पर असेल तर वरूनही पडते. दर तीन महिन्यांनी साफ करा.

आता तुमच्या मशीनवर काय करायचं ते क्रमाने. बायोस डिफॉल्ट करा, वर सांगितलेली परीक्षा करून एसव्हीआय२ चा आकडा कागदावर लिहा. तो १.२७५ किंवा जास्त आला तर कोअर व्होल्टेज १.२५ फिक्स करा. कमी आला तर त्यातून २५ मिलिव्होल्ट वजा करा. एलएलसी मधलं. मल्टिप्लायर ४० पासून सुरू करून पाव-पाव वाढवा, म्हणजे २५ मेगाहर्ट्झची एकेक पायरी होते. प्रत्येक पायरीला सिनेबेंच आर२३ हा चाचणीचा प्रोग्राम दहा मिनिटं चालवा. पडलं की दोन पायऱ्या खाली या. मग एखादा खरा जुना प्रोजेक्ट, चारपाच कॅमेऱ्यांचा, कलर केलेला, तो दोनदा एक्स्पोर्ट करा आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये व्हियाचा एकही एरर नाही ना, ते बघा. एक जरी असला तर आणखी एक पायरी खाली. नुसतं मशीन पडलं नाही म्हणजे स्थिर झालं, असं धरू नका. एक्स्पोर्टमध्ये मध्येच एखादी खराब फ्रेम येणं हेही अस्थिरपणाचंच लक्षण आहे आणि ती तुमच्याआधी नवरदेवाच्या घरचे बघतात.

एवढं करूनही ४.० सुद्धा १.२५ ला टिकलं नाही, तर दोनच शक्यता. एक तर चिप मुळातच कमी दर्जाची, किंवा १.४ वरच्या दिवसांनी थोडी थकलेली. दोन्हीत व्होल्टेज वाढवू नका, हाताचं सेटिंग काढून मूळ सेटिंगवर चालवा. पीबीओही बंद ठेवा. हे मशीन तुम्ही १.४ वर किती महिने चालवलं, परीक्षेत एसव्हीआय२ किती आला आणि त्या वेळी तापमान किती होतं, हे तीन आकडे मला लिहून पाठवा. ते एकमेकांशी ताडून सांगतो, चिप अजून धडधाकट आहे की लग्नसराईआधी दुसरी बघायला लागेल.